बिनतेलाचा टर्बो

उत्तरेश्वर तळेकर धायरीच्या शेडवर परत आला तो एका गुरुवारी. गुरुवारी वीज जाणार हे ठरलेलंच, म्हणून भाग्यश्री पोकळे दाराशी उजेडात खुर्ची ओढून एक जुना कार्ब्युरेटर साफ करत बसली होती. रिक्षातून उतरलेल्या माणसाला तिनं चालीवरून ओळखलं. त्याच्या काखेत पुठ्ठ्याचा खोका होता.

"ओळखलंत का, ताई?"

"ओळखलं," ती म्हणाली. बसा म्हणाली नाही.

ओळखणार नाही कशी. उत्तरेश्वर मूळचा करमाळ्याकडच्या केम गावचा. पुण्यात वेल्डिंग शिकला आणि भाग्यश्रीच्या थोरल्या भावाचा, शंभूचा जोडीदार झाला. हिंजवडीत नोकऱ्या सुरू होऊन तरुण पोरांच्या हातात हौसेपुरता पैसा आला, तेव्हाची गोष्ट. या पोरांना शोरूममधली गाडी शोरूमसारखी नको असायची. शंभू आणि उत्तरेश्वर त्यांच्या गाड्यांना टर्बो बसवून द्यायचे. रविवारी सकाळी सगळे आपापल्या गाड्या घेऊन बोपदेव घाटात जमायचे. अशाच एका रविवारी घाट चढताना शंभूची स्वतःची गाडी पेटली. टर्बोला तेल पोचवणारा पाइप फुटला आणि लाल झालेल्या एक्झॉस्टवर तेल पडलं. शंभू बाहेर आला, पण पट्टा सोडवताना आणि दार ढकलताना त्याचे दोन्ही हात पोळून निघाले.

पाइप उत्तरेश्वरनं बनवला होता. एवढं सगळ्यांना पुरेसं होतं. त्याच्याकडे कुणी दुचाकीचं स्टँडही जोडायला नेईना, आणि तो कोइम्बतूरला निघून गेला. शंभूनं गाड्यांचं काम कायमचं सोडलं. त्याची बोटं पूर्ण मिटत नव्हती. वडिलांनी, तात्यारावांनी, जमिनीच्या उरलेल्या तुकड्यावर बांधलेल्या शेडची भाडेकरू मंडळी तो सांभाळायचा. गाड्यांची शेड भाग्यश्रीनं चालवायला घेतली. तिचा डिप्लोमा झाला होता, चाकणला नोकरीही होती, ती तिनं सोडली. बाईमाणूस गॅरेज चालवते म्हणून बघायला येणारे पुढे गाड्या घेऊन येऊ लागले. मात्र टर्बोच्या कामाला ती हात लावत नसे.

आणि आता हा माणूस खोका उघडत होता.

"टर्बो आहे," तो म्हणाला. "बिनतेलाचा."

भाग्यश्रीनं आत पाहिलं. गोगलगाईसारखी दोन कवचं पाठीला पाठ लावून ठेवावीत तसा तो नेहमीसारखाच दिसत होता. एका कवचातून इंजिनाचा धूर जातो आणि चक्र फिरवतो, त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात पाठवतं. दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो. त्याला थंड आणि ओलं ठेवायला इंजिनातलं तेल एका बारीक पाइपानं आणावं लागतं आणि दुसऱ्या जाड पाइपानं खाली सोडावं लागतं. या टर्बोला मधोमध ते पाइप जोडायची तोंडंच नव्हती. तिथे सपाट, गुळगुळीत धातू होता.

"तेलाशिवाय दांडा फिरेल?"

"फिरतो. आतल्या बेअरिंगच्या गोळ्या सिरॅमिकच्या आहेत. ग्रीस भरून कायमचं बंद केलंय."

"म्हणजे ग्रीस आहे. मग बिनतेलाचा कसा?"

"इंजिनाचं तेल लागत नाही, म्हणून तसं म्हणतात."

"म्हणतात कोण? विकणारेच ना?"

उत्तरेश्वर हसला नाही. "मीच विकतोय. शंका घ्या. घ्यायलाच हवी. एक बसवून बघा, एवढंच म्हणणं."

तो खोका ठेवून गेला. बाकीचं बोलणं फोनवर करू म्हणाला. तो मांजरीला, ऊस संशोधन केंद्राच्या पलीकडे, एका चुलतभावाकडे उतरला होता. एवढ्या मोठ्या पुण्यात टर्बो बसवणारी एखादी शेड त्याला सापडली नाही का, हा प्रश्न भाग्यश्रीच्या डोक्यात दिवसभर फिरत राहिला.

घरी तिनं जेवताना विषय काढला. शंभूनं ताटातली भाकरी दोन्ही तळव्यांनी धरून मोडली आणि वर न बघता विचारलं, "शेडमध्ये आला होता? आत?"

"दारापर्यंत."

"परत येऊ देऊ नकोस, भागू."

तात्यारावांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "त्यो मानूस हितं कशाला आला? त्याला सांग, धायरीत तुजं काय काम न्हाय."

"तात्या, मी फक्त वस्तू बघितली."

"वस्तू बगायची बी गरज न्हाय."

खरं तर तिलाही तसंच वाटत होतं. पण नेमकी त्याच आठवड्यात नम्रता आगाशे तिची गाडी घेऊन आली. नम्रता हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत होती आणि तिच्याकडे वडिलांची जुनी सेडान होती, परदेशी गाड्यांना देश खुला झाल्यावर पहिल्यांदा आलेल्यांपैकी. तिला गाडी बाहेरून जशीच्या तशी हवी होती, बॉनेटलाही धक्का नको, पण जोर दुप्पट हवा होता.

भाग्यश्रीनं बॉनेट उघडून दाखवलं. "इथे जागाच नाही. टर्बो बसेल तो खाली, गिअरबॉक्सच्या मागे. पण टर्बोतलं तेल इंजिनाच्या टाकीत आपोआप परत उतरावं लागतं. टर्बो टाकीच्या खाली गेला तर तेल वर चढणार कसं? मग वेगळा पंप लावा, पंप बंद पडला की टर्बो तेलात बुडतो आणि धूर सुरू."

"म्हणजे इम्पॉसिबल?"

भाग्यश्रीनं कोपऱ्यातल्या खोक्याकडे पाहिलं. तेल लागतच नसेल तर टर्बो कुठेही बसवता येतो. उत्तरेश्वरला हे माहीत होतं. नम्रताची गाडी येणार हेही त्याला माहीत होतं की काय, अशी शंका तिला चाटून गेली.

"एक पर्याय आहे," ती म्हणाली. "पण माझा त्याच्यावर विश्वास नाही. महिनाभर मी चालवून बघेन. पटलं तर घ्या."

"आणि नाही पटलं तर?"

"तर गाडी होती तशी करून देईन."

उत्तरेश्वरला तिनं अटी घातल्या. टर्बो ती स्वतः बसवेल. तो शेडमध्ये येईल तेव्हा ती हजर असेल. तो कशालाही हात लावणार नाही. त्यानं सगळं कबूल केलं. इतक्या लवकर कबूल केलं म्हणून तिचा संशय आणखी वाढला.

काम सुरू झालं. उत्तरेश्वर हात मागे बांधून उभा राहायचा आणि विचारलं तेवढंच बोलायचा. बेअरिंगचा खरा शत्रू उष्णता, म्हणून टर्बो इंजिनापासून लांब, खाली वाऱ्यात बसतोय हे चांगलंच आहे, हे त्यानं सांगितलं. हवेचा फिल्टर चांगला हवा, कारण धुळीचा एक कण त्या चक्राला पुरतो, हेही सांगितलं.

"आणि बिघडला तर?" तिनं विचारलं.

"तर इथे कुणी उघडून दुरुस्त करणार नाही. पूर्ण मधला भाग कारखान्यात परत पाठवावा लागेल. साध्या टर्बोसारखं बुधवार पेठेतून बेअरिंग आणून बसवता येत नाही."

विकणारा माणूस मालाचा दोष स्वतःहून सांगतो तेव्हा तो मोठा दोष लपवतोय, असं भाग्यश्रीला वाटलं. तिनं मधल्या भागावर तापमानाचं यंत्र लावलं. गाडी रोज बाहेर काढली. खडकवासल्याच्या रस्त्यानं, सिंहगडाच्या पायथ्याशी, नवले पुलाच्या गर्दीत तासभर सरकत. साधा टर्बो गरम असताना इंजिन एकदम बंद केलं की आतलं तेल जळून कोळसा होतं, म्हणून थोडा वेळ इंजिन चालू ठेवून थांबावं लागतं. इथे जळायला तेलच नव्हतं. तिनं मुद्दाम घाट चढून लगेच इंजिन बंद केलं, परत परत. काही झालं नाही. दांडा हातानं फिरवला तर मोकळा फिरत होता. पाइपात बोट घातलं तर बोट कोरडं.

ती खूश व्हायला हवी होती. पण ती रात्री अंथरुणावर पडून, तो माणूस आपल्याला कशात अडकवतोय याचा विचार करायची.

शंभू या सगळ्या दिवसांत शेडकडे फिरकला नाही. मात्र रोज संध्याकाळी विचारायचा. "धूर सोडला का टर्बोनं?" "नाही." "सोडेल." दुसऱ्या दिवशी पुन्हा. आणि एकदा, उगाचच, "तो काही बोलतो का? जुनं?"

"काय बोलायचंय त्यानं?"

"नाही. असंच."

नम्रता गाडी न्यायला शनिवारी दुपारी येणार होती. सकाळी उत्तरेश्वर येऊन शेवटचं बघून गेला. त्यानंतर भाग्यश्री सिंहगड रोडला नळीचे क्लॅम्प आणायला गेली, आणि येईपर्यंत शेडला कुलूप होतं. नम्रता आली ती ऑफिसातल्या एका मैत्रिणीला घेऊन. भाग्यश्रीनं गाडी बाहेर अंगणात घेतली. तात्याराव कट्ट्यावर बसले होते. भाग्यश्रीनं इंजिन चालू केलं, जरा गरम होऊ दिलं आणि पाय दाबला.

मागून निळसर पांढऱ्या धुराचा लोट निघाला. अंगण दिसेनासं झालं. शेजारच्या प्लायवूडच्या शेडमधले कामगार बाहेर आले. नम्रता मागे सरकली, ओढणी नाकाला लावली.

"हे नॉर्मल आहे?" तिनं विचारलं.

"नाही," भाग्यश्री म्हणाली आणि इंजिन बंद केलं.

तात्याराव कट्ट्यावरून उठले नाहीत. "सांगितलं हुतं," एवढंच म्हणाले. शंभू घराच्या दारात आला होता. तो धुराकडे पाहत होता, आणि तोंडानं काहीच बोलला नाही. एरवी रोज विचारणारा माणूस आता विचारत का नाही, हे भाग्यश्रीला त्या क्षणी जाणवलं नाही. तिच्या डोक्यात एकच माणूस होता.

तिनं उत्तरेश्वरला फोन लावला. "तुमच्या टर्बोनं तेल ओकलंय. ताबडतोब या आणि घेऊन जा."

तो म्हणाला, "ताई, त्याला तेलाचा पाइप तुम्ही लावला होता का?"

"नाही."

"मग तेल आलं कुठून?"

"ते तुम्ही सांगायचं. आत ग्रीसऐवजी तेल भरून विकत असाल. आतलं सील गेलं, बाहेर आलं."

"येतो मी. तोवर कशाला हात लावू नका. नाहीतर असं करा, तुम्हीच उघडा. माझ्यासमोर उघडलं तर म्हणाल मी काही केलं."

ती तशीही उघडणार होतीच. नम्रताला तिनं परत पाठवलं. जाताना नम्रता म्हणाली, "मी रागावलेली नाही. पण मला खरं काय ते कळलं पाहिजे. नुसता टर्बो काढून टाकला तर मला कधीच कळणार नाही काय झालं होतं."

गाडी जॅकवर चढवून भाग्यश्री खाली सरकली. टर्बोपाशी पाइप सोडवला तसं तेल तिच्या मनगटावरून वाहिलं. थोडंथोडकं नाही, पेलाभर तरी होतं. टर्बोच्या पोटात चमचाभर तेलही मावलं नसतं. तिनं हात पुसला आणि पडल्या पडल्या विचार केला. इंजिन जुनं आहे, ते आपल्या पोटातलं तेल वाफेबरोबर बाहेर टाकतं, ते हवेच्या पाइपात येतं. पण तो मार्ग तिनं स्वतः वळवून एका वेगळ्या डब्यात सोडला होता. डबा उघडून पाहिला. तळाला जेमतेम ओल होती.

मग ती उलट्या दिशेनं निघाली. टर्बोपासून वर, फिल्टरपर्यंत पाइप उतारावर होता, कारण टर्बो खाली आणि फिल्टर वर. पाइपाच्या आतल्या बाजूला तेलाचे ओघळ होते आणि ते अगदी फिल्टरच्या तोंडापासून सुरू होत होते. तेल उतार चढून वर जात नाही. ते वरूनच आलं होतं. तिनं बोट नाकाशी नेलं. इंजिनातलं तेल महिनाभरात काळं पडलं होतं. हे मधासारखं पिवळं होतं, आणि त्याला गंधकाचा कुबट वास येत होता. गिअरबॉक्सच्या तेलालाच असा वास येतो. शेडमध्ये मागच्या फळीवर त्याचा कॅन होता. कॅनचं झाकण तिरकं बसलं होतं.

कुणीतरी फिल्टर काढून तेल ओतलं होतं आणि फिल्टर परत बसवला होता.

भाग्यश्री तशीच जमिनीवर बसून राहिली. सकाळी उत्तरेश्वर आला होता, पण ती पूर्ण वेळ त्याच्याबरोबर होती. शिवाय आपलाच माल कोण बदनाम करेल? की करेल? आधी बिघडवायचं, मग शहाणपणानं दुरुस्त करून दाखवायचं, असंही लोक करतात. तिनं तो विचार पुढे नेऊन पाहिला, पण तो कुठे पोचेना. ती गेल्यावर शेडला कुलूप होतं. एक किल्ली तिच्याकडे होती. दुसरी घरात, देवघराच्या शेजारी खिळ्याला.

ती घरी गेली. खिळ्याला किल्ली होती. मागच्या मोरीत आई, मथुराबाई, कपडे पिळत होती.

"हा शर्ट बाई किती वेळा घासला, वास जात नाही," आई म्हणाली. "दादानं आज स्वतःच भिजत घातला होता. कधी नाही ते. म्हटलं हाताला साबण झोंबतो, राहू दे."

भाग्यश्रीनं शर्ट हातात घेतला. बाहीला नाक लावायचीही गरज पडली नाही.

शंभू गच्चीवर होता. पाण्याच्या टाकीच्या सावलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता, आणि तिच्या पावलांचा आवाज ऐकून त्यानं मान वळवली नाही. खाली पूर्वी शेतं होती तिथे आता इमारतींचे सांगाडे उभे होते.

"का केलंस, दादा?"

"काय?"

"दादा, मी तेल हाताला लावून आले आहे. शर्ट बघून आले आहे. फक्त का ते सांग."

त्यानं खालच्या सांगाड्यांकडे पाहिलं. मग म्हणाला, "तो इथे टिकला तर रोज येईल. रोज माझ्यासमोर. एक ना एक दिवस बोलेल."

"काय बोलेल?"

शंभूनं दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवले. कातडी अजून चकचकीत, ताणलेली होती.

"त्याचा पाइप मी काढला होता," तो म्हणाला. "आदल्या दिवशी. नवा ब्रॅकेट बसवला, त्याला तो स्टीलच्या जाळीचा पाइप आड येत होता. म्हणून मी साधा रबरी लावला. म्हटलं उद्याचा दिवस काढू, सोमवारी त्याच्याकडून नवीन करून घेऊ. घाटात तो एक्झॉस्टला टेकला असणार. वितळला."

"आणि तू सांगितलं नाहीस."

"मी हॉस्पिटलमध्ये होतो. शुद्धीवर आलो तेव्हा सगळं ठरून गेलं होतं. तात्या, आई, मित्र, सगळे त्याचंच नाव घेत होते. मी फक्त गप्प बसलो. पहिल्या दिवशी गप्प बसलो, मग दुसऱ्या दिवशी सांगणं आणखी अवघड झालं. नंतर तर तो गेलाच."

भाग्यश्रीला त्याच्या कानाखाली मारावीशी वाटली, आणि त्याच वेळी त्याचे हातही तिला दिसत होते. ती काहीच न करता उभी राहिली. तिच्या मनात आलं ते वेगळंच. इतके दिवस ती परक्या माणसाचे खिसे तपासत होती, आणि किल्ली घरातल्या खिळ्याला होती.

"तो आता येतोय," ती म्हणाली. "मी त्याला काय सांगू?"

"तूच सांग काहीतरी."

"नाही. तू सांगायचं."

उत्तरेश्वर रिक्षातून उतरला तेव्हा शंभू शेडच्या दारात उभा होता. भाग्यश्री आत, गाडीपाशी होती. तात्याराव कट्ट्यावर होते. शंभूनं सुरुवात तीन वेळा केली. आधी तेलाचं सांगितलं, मग पाइपाचं, मग पुन्हा तेलाचं. बोलताना तो उत्तरेश्वरच्या चपलांकडे पाहत होता. सगळं सांगून झाल्यावर म्हणाला, "चुकलं माझं."

उत्तरेश्वर आत आला, वाकून गाडीखाली बघितलं, पाइपातलं तेल बोटावर घेऊन वास घेतला आणि फडक्याला पुसलं.

"पाइपाचं मला माहीत होतं," तो म्हणाला.

शंभूनं मान वर केली.

"गाडी जळाली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी घाटात गेलो होतो. सांगाडा तिथेच होता. रबर जळतं, पण स्टीलची जाळी कुठे जाईल? काळी पडेल, पण राहील. मी सगळं हातानं उपसलं. जाळी नव्हती. म्हणजे माझा पाइप त्या गाडीत नव्हताच."

"मग तेव्हाच का बोलला नाहीत?" भाग्यश्रीनं विचारलं.

"बोललो होतो." त्यानं कट्ट्याकडे पाहिलं. "तात्यांना येऊन सांगितलं होतं. इथेच, या अंगणात."

भाग्यश्री वळली. तात्याराव जमिनीकडे बघत होते. उन्हात त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसला.

"तात्या?"

"आला हुता," तात्याराव म्हणाले. "सांगत हुता कायतरी जाळीचं. पोराचे हात बांधून ठिवले हुते दवाखान्यात. जेवन भरवावं लागत हुतं. अशा टायमाला मी कुनाचं ऐकनार हाय? म्हनलं, ह्यो आपली कातडी वाचवायला माझ्या पोरावर ढकलतोय." ते थांबले. "मग नंतर शंभूनं कदी त्याचं नावच काडलं न्हाय, तवा वाटलं हुतं, त्यो खरंच सांगत असंल. पन ईचारलं न्हाय."

प्लायवूडच्या शेडमधली करवत सुरू झाली आणि थांबली.

"तुम्ही परत का आलात?" भाग्यश्रीनं शेवटी विचारलं. "खरं सांगा. दुसरी शेड नव्हती?"

"होत्या," उत्तरेश्वर म्हणाला. "कोइम्बतूरला रेसच्या गाड्यांवर काम करताना हे पहिल्यांदा बघितलं. तेलाचा पाइपच नाही. पाइप नाही म्हणजे कुणी तो बदलू शकत नाही, तो फुटत नाही, आणि फुटला म्हणून कुणाचं नाव येत नाही. मला वाटलं हा टर्बो पुण्यात पहिला बसायचा तर याच शेडमध्ये बसावा. तुम्हाला दाखवावा. त्यातही माझा स्वार्थच होता म्हणा."

टर्बो काढून त्यांनी दोघांनी मिळून धुतला. भाग्यश्रीची हात न लावण्याची अट आपोआप गळून पडली. तेलानं चक्राला इजा झाली नव्हती, बेअरिंग बंदच होतं. प्लग मात्र पार बरबटले होते, ते बदलावे लागले. दांडा हातानं फिरवला, मोकळा फिरला. नम्रताला भाग्यश्रीनं फोनवर सगळं सांगितलं, भावाचं नाव घेऊन. मग नम्रता म्हणाली, "म्हणजे टर्बो ओके होता, माणसं नव्हती." आणि पुढच्या शनिवारी येऊन गाडी घेऊन गेली.

उत्तरेश्वरला माफी नको होती. त्यानं एकच गोष्ट मागितली. बोपदेवला अजून रविवारी जुनी मंडळी जमतात, त्यांना शंभूनं स्वतः सांगावं. शंभू दोन रविवार टाळत राहिला. तिसऱ्या रविवारी भाग्यश्रीनं गाडी काढली आणि तो न बोलता शेजारी येऊन बसला. घाटाच्या चहाच्या टपरीपाशी दहा-बारा जण होते. काही केस पांढरे झालेले, काही शंभूनं कधी न पाहिलेले. नम्रताही तिची गाडी घेऊन आली होती. शंभूनं सांगितलं. या वेळी सलग सांगितलं.

ऐकून कुणी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. एक जण म्हणाला, "बरं झालं सांगितलंत." दुसरा, नारायण पेठेतला एक जुना ग्राहक, चहाचा कप ठेवत शांतपणे म्हणाला, "बहीण आता हाच टर्बो बसवते ना? छान. मुहूर्त चांगला शोधलात कबुलीला."

भाग्यश्रीच्या अंगाचा तिळपापड झाला. ती काही बोलणार तेवढ्यात उत्तरेश्वर म्हणाला, "असू द्या, ताई. शंभू पहिल्यांदा बोलला तेव्हा माझ्याही मनात हेच आलं होतं." तो पहिल्यांदाच हसला, पण त्या हसण्यात फारसा आनंद नव्हता.

पुढचा टर्बो भाग्यश्रीच्या शेडमध्ये बसवायला त्यानं नकार दिला. "तुमच्याबद्दल काही नाही," तो म्हणाला. "पण तिथे मला दर वेळी पाइप सोडवून वास घ्यावासा वाटेल. असं काम होत नाही." त्यानं मांजरीत उसाच्या शेताला लागून पत्र्याची शेड घेतली. आठवड्यातून दोन-तीनदा भाग्यश्री तिकडे जाऊ लागली, कारण गाडीच्या पोटात जागा कुठे आहे हे तिला जास्त कळायचं आणि पाइप वळवणं त्याला. गिऱ्हाइकं हळूहळू आली. प्रत्येकाचा पहिला प्रश्न तोच असायचा, तेलाशिवाय कसा काय चालतो, आणि दोघंही खरं तेच सांगायचे, की आत ग्रीस आहे, की फार गरम जागी तो टिकणार नाही, की बिघडला तर इथे दुरुस्त होणार नाही. ऐकून निम्मे लोक परत जायचे.

दिवाळीनंतर एका सकाळी भाग्यश्री मांजरीला निघाली तेव्हा तात्याराव धुतलेली टोपी घालून अंगणात उभे होते. "मी बी येतो," म्हणाले. शेडपाशी उतरून ते दाराबाहेरच थांबले. उत्तरेश्वर वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवून बाहेर आला, त्यांना बघून क्षणभर थबकला, मग आतून खुर्ची आणून सावलीत ठेवली.

तात्याराव बसले. टोपी काढली, पुन्हा घातली. पलीकडे ऊस डोक्याच्या वर गेला होता.

"हितं पानी कुटलं हाय?" त्यांनी विचारलं.

"कॅनॉलचं, तात्या," उत्तरेश्वर म्हणाला.

"चांगला आलाय ऊस." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "च्या मिळंल का?"

उत्तरेश्वर चहा सांगायला रस्त्याकडे गेला. भाग्यश्रीनं ओढणी कमरेला खोचली आणि ती गाडीखाली शिरली.